आधी वार दाखवा

बाळंतपणाच्या खोलीबाहेर सगळे बाळाची वाट बघत असतात. मुलगा की मुलगी, वजन किती भरलं, नाक कुणाचं घेतलं. मी मात्र आत वारेची वाट बघत असायचे. बाळ आलं की रडून सगळ्या गावाला सांगतं. वार बिचारी मुकी. तिला आपणच विचारावं लागतं, आलीस का बाई? सगळी आलीस का? का काही आत ठेवून आलीस?

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मी वारेवर लिहीन. संपादक म्हणाले, "सिस्टर, लोक फराळ करत वाचतात हो." मी म्हटलं, "करू देत की! जे जे आज चकली मोडतायत ते सगळे नऊ महिने वारेच्याच जिवावर जगलेत. तिची किळस येत असेल त्यांनी चकली खाली ठेवावी." त्यांनी हसून होकार दिला. माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत बऱ्याच लोकांना माहीत आहे.

माझी सगळी नोकरी ह्या दोन तालुक्यांत गेली. बदली झाली तरी भीमेच्या ह्या काठावरून त्या काठावर, ह्यापलीकडे कधी गेले नाही. आवाज मोठा, रागाचा पारा त्याहून वर. बायका म्हणायच्या, "कांबळे सिस्टरची ड्यूटी असली की पोर भिऊनच लवकर बाहेर येतं." मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला, ताटलीएवढा, मांसल, गडद लाल गोळा म्हणजे वार. तिच्यातून नाळ निघते ती बाळाच्या बेंबीत जाते. बाळ बाहेर आलं की थोड्या वेळानं वारही सुटून येते. आली की आम्ही ती तळहातावर पसरतो. आईच्या बाजूला तिचे उंचवटे असतात, एकमेकांना लागून बसलेले. ते सगळे जागच्या जागी जुळले पाहिजेत. मधेच खळगा दिसला तर समजायचं, तुकडा आत राहिलाय. तो तुकडा आत असेतो गर्भाशय आवळून बसत नाही, आणि ते आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. म्हणून माझा पहिला सवाल कायम एकच असे. पेढे मागाहून द्या, आधी वार दाखवा.

वारेचं दुसरं एक काम मला फार उशिरा कळलं. आमच्या एका प्रशिक्षणात एका डॉक्टर मॅडमनी ते इतकं सोपं करून सांगितलं की मी त्या दिवशी चहासुद्धा विसरले. बाळाला रक्त तयार करायला लोह लागतं. ते येणार कुठून? आईकडून. आणि ते किती घ्यायचं हे वार बघते. पंगतीत वाढणारी बाई असते ना, तशी ती. आईच्या पातेल्यातून घ्यायचं आणि बाळाच्या ताटात वाढायचं. एकदा वाढलेलं ताटातून पातेल्यात परत येत नाही. आता गंमत बघा. पातेलं भरलेलं असलं तर ही बाई बेताबेतानं घेते. पातेल्यातलं कमी झालं की मात्र हिचे हात वाढतात. खरंच वाढतात, लोह पकडायच्या जागाच ती आपल्या अंगावर जास्त तयार करते, आणि तळ खरवडून का होईना, बाळाला वाढते. आईची आतडीसुद्धा ह्या दिवसांत अन्नातलं लोह एरवीपेक्षा जास्त ओढून घेऊ लागतात. पण अन्नात आणि गोळीत असेल तरच ना! आणि अगदीच खडखडाट झाला तर ही वाढणारी आधी आपला घास काढून ठेवते, कारण ती कोसळली तर बाळाला वाढणार कोण? मग बाळाचं ताटही अर्धं राहतं.

हे ऐकलं आणि मला कितीतरी चेहरे आठवले. बाळ कसं लालबुंद, आणि आई कागदासारखी पांढरी. आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो. का, ते आता कळलं.

लोहाच्या गोळ्यांवरून मी जेवढी भांडले तेवढी सख्ख्या नवऱ्याशी भांडले नसेन. कारेगावला कंपनीतल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये फिरायचे तेव्हा एक उत्तरेकडची बाई मला दार अर्धं उघडून सांगायची, "दीदी, गोली खाने से बच्चा काला होता है." मी म्हणायचे, "तेरा आदमी काला है, उसने कौनसी गोली खायी?" ती तोंडावर पदर घेऊन हसायची आणि गोळी घ्यायची नाही ती नाहीच. दुसरी एक, चांगली शिकलेली, दर महिन्याला मुकाट्यानं पाकीट न्यायची. एकदा तिच्या दारातल्या कढीपत्त्याकडं माझं लक्ष गेलं. काय फोफावला होता! मी कुंडीतली माती जरा उकरली तर अर्धवट विरघळलेल्या लाल गोळ्या. "अहो, वाया नको जायला म्हणून," ती म्हणाली. मी एवढी ओरडले की शेजारच्या खोल्यांमधले रात्रपाळीचे लोक उठून बाहेर आले. पुढं तिनं मला त्याच कढीपत्त्याची जुडी दिली. मी घेतली. आमटीला छान वास आला.

आता ते सगळं आठवलं की जीव हुरहुरतो. ती गोळ्यांची भांडणं, खोलीतला तो जंतुनाशकाचा वास, चहा निवत ठेवून धावणं. घरी माझी सून म्हणते, "आई, आता तरी आराम करा." आराम काय करायचा? ज्या हातांनी रोज कुणाचं तरी पोट चाचपलं ते हात शेंगा सोलत बसले की उगाच रिकामे वाटतात.

ह्या सगळ्यांत मला सगळ्यांत जास्त आठवते ती राहूची अश्विनी. आणि तिच्याहून जास्त तिची आई, हौसाबाई.

अश्विनीचं सासर मांडवगण फराट्याचं, माहेर राहूचं. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आली. तपासणीच्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आमच्या रुग्णालयात आले. मोठे बागाईतदार, घरचं गुऱ्हाळ, गावात शब्दाला मान. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी पोरीची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल दिसायला पाहिजे, तिथं पांढरं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या आसपास, पाहिजे अकराच्या वर. मी म्हटलं, "आप्पा, हिला आठ दिवसांत लोहाचं सलाईन लावू. आणि गोळ्या चालू."

आप्पा खुर्चीत रेलून हसले. "सिष्टर, आमच्या घरी गुऱ्हाळ हाय. आख्ख्या पुण्याची पोरं आमच्या गुळानं लाल हुत्यात, आन् आमच्याच पोरीला रगात कमी? रोज गुळाचा चा पिती ती. दोन टायम."

"चहानंच तर घात होतो आप्पा. जेवणावर चहा प्यायला की खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. आणि नुसत्या गुळानं एवढी तूट भरत नाही."

मग त्यांनी खिशातून सोनोग्राफीचा कागद काढून माझ्यापुढं आपटला. "हे बघा. बाळाचं वजन एकदम झ्याक हाय म्हणाले. आता मला सांगा, आईत नसतं तर बाळात आलं कुठनं?"

आता ह्यावर काय बोलायचं! हिशेब ऐकायला अगदी बरोबर. बाळ ठणठणीत म्हणजे आई ठणठणीत. ही चूक मी आमच्या भागातल्या चांगल्या चांगल्या घरांत बघितली, कारण पोटावर हात ठेवून सगळे बाळालाच विचारतात. मी म्हटलं, "आप्पा, आईत होतं ते बाळात गेलं. म्हणूनच आईत नाही." त्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं असं नव्हे, बाईमाणसाशी कशाला वाद घाला म्हणून. अश्विनी मान खाली घालून बसली होती. गोळ्या नेल्या. सलाईनला काही आली नाही. बाळाला बाधेल, असं घरात ठरलं. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "येतो की" म्हणाले.

चैत्राचे दिवस होते. दुपारी रुग्णालयाच्या दारात पिकअप येऊन थांबली. मागच्या हौद्यात गादी, गादीवर अश्विनी, शेजारी तिची चुलती बाळाला छातीशी धरून. कळा एकाएकी आल्या, गाडी अंगणात आणेपर्यंत पडवीतच मोकळी झाली. मुलगा, गुटगुटीत, टमाट्यासारखा लाल. आप्पांचा चेहरा नुसता फुलला होता. "सिष्टर, बघा म्हटलं न्हवतं?"

मी बाळाकडं बघितलंच नाही. अश्विनीचे ओठ पांढरे पडले होते आणि अंगाखालची चादर भिजत होती.

"वार पडली का?"

"पडली की," चुलती म्हणाली. "जाऊबायनी, हिच्या आयनं, पुरायला नेली बी. त्या पुरल्याबिगर हालंनात, म्हून आम्ही फुडं आलो."

"पूर्ण होती का? कुणी बघितली?"

"वार कुणी बघतं व्हय? झाकून नेली त्यांनी."

आत घेतलं. मी पोट चोळून गर्भाशय आवळून धरलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. हाताखाली ते दगडासारखं कडक व्हायचं आणि हात सैल केला की पुन्हा लिबलिबीत. रक्ताची धार थांबून थांबून यायचीच. धडधाकट बाईचं एवढं रक्त गेलं तर ती थकते. पण हिच्या अंगात आधीच काही शिल्लक नव्हतं. हिला प्रत्येक वाटीभर रक्त महाग होतं.

आमच्या डॉक्टर मॅडम वयानं तरुण पण डोकं शांत. त्यांनी पुढच्या मोठ्या दवाखान्याला फोन करून रक्ताची सोय करायला सांगितलं, रुग्णवाहिका दाराशी आणली, आणि मग माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तुकडा आत असेल तर हिला अशी रस्त्यावर घालता येणार नाही, आधी इथंच काढावा लागेल. आणि तुकडा नसेल तर अशा अशक्त पोरीच्या पोटात हात घालून तिचा जीव आणखी धोक्यात घालायचा नाही, सरळ निघायचं. सोनोग्राफीवाले आज नाहीत. ती वार बघायला मिळेल का?"

राहू लांब. जाऊन येण्याएवढा वेळ त्या पोरीकडं नव्हता. तेवढ्यात चुलती म्हणाली, "जाऊबायला विडिओ कॉल येतो. अश्विनी सासरी गेल्यापासनं रोज लावत्यात."

आप्पांनी फोन लावला. पडद्यावर हौसाबाई दिसल्या. हाताला माती, डोळे लाल. मी फोन घेतला. "मावशी, वार कुठं पुरली?"

"का वो?"

"मला बघायचीय. उकरा, धुवा आणि दाखवा."

बाई एकदम मागं सरली. "पुरलेली वार उकरत न्हाईत सिष्टर."

"अश्विनीचं रक्त थांबत नाहीये."

"मग औषीद द्या. सुई द्या. वारंला हात लावायचा न्हाई. माझा थोरला पोरगा. सासूनं वार वरच्यावर पुरली. कुत्र्यानं उकरली, अंगणभर वढत नेली. पाचवीच्या आत माझं पोर गेलं. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंया. ही वार म्या कंबरंइतकी खोल घातलीया, वर धोंडा ठिवलाय. ह्या बाळाला म्या काय बी हू देणार न्हाई."

आप्पांनी माझ्या हातातून फोन ओढला. "अगं ए, उकर म्हंतुय न्हवं! अक्कल गहाण ठिवली का?" तिकडून फोन बंद झाला.

मला आप्पांचा असा राग आला की काय सांगू. सात महिन्यांची गरोदर पोरगी माझ्यासमोर बसवून गुळाचं कौतुक सांगणारा माणूस आता त्या बाईला अक्कल शिकवत होता. "तुम्ही बाहेर बसा," त्यांच्या हातातला फोन घेत मी म्हटलं. त्यांच्याशी कुणी असं बोललेलं नसावं. पण गेले, मुकाट्यानं गेले, आणि दाराबाहेर भिंतीला पाठ लावून खालीच बसले.

मी पुन्हा फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मॅडमचा हात अश्विनीच्या पोटावर होता आणि त्या घड्याळाकडं बघत होत्या. शेवटी हौसाबाईंनी उचलला, पण पडद्यावर नुसता छपराचा पत्रा दिसत होता. मला ओरडायचं होतं. ओरडण्यात माझा हात कोण धरणार! पण त्या बाईला पोर गमावल्याचं दुःख होतं, अडाणीपणा नव्हता. तिला भीती घालून चालणार नव्हतं, ती आधीच भीतीनं अर्धी झाली होती.

"मावशी, ऐका," मी म्हटलं. "ही वार बाळाचीच, खरं आहे. नऊ महिने ती बाळासाठी राबली. तुमच्या अश्विनीच्या अंगात लोह नव्हतंच. जे होतं ते ह्या वारेनं खरवडून खरवडून बाळाला दिलं. म्हणून बाळ लाल आहे आणि तुमची लेक पांढरी पडलीय. बाळ इथं माझ्या नजरेसमोर आहे, त्याला काही झालेलं नाही. त्याचं सगळं करून झालं तिचं. आता ज्या आईचं घेतलं, तिच्या एकदा उपयोगी पडू द्या तिला. नंतर तुम्ही तिला पुरुषभर खोल घाला, मी येते धोंडा ठेवायला."

तिकडून हुंदका आला. मग एवढंच, "थांबा."

पत्र्याचं चित्र हललं, आभाळ दिसलं, मग फोन कुठल्याशा हौदाच्या कठड्याला टेकवला गेला. आम्हाला नुसते आवाज येत होते. धोंडा सरकवल्याचा, खोऱ्याचा, पाण्याची कळशी ओतल्याचा. आणि मधून मधून त्या बाईचं पुटपुटणं, "माफ कर गं माय, माफ कर." ती वारेची माफी मागत होती.

मग परात समोर आली. पितळी, मोठी. हौसाबाई उन्हात उकिडव्या बसल्या होत्या आणि परात दोन्ही हातांनी कलती करून आमच्यासमोर धरली होती. मी म्हटलं, "आईच्या अंगाची बाजू वर करा मावशी, खडबडीत बाजू. आता पसरा. कडेचं जरा आत घ्या. हां, अशीच धरा. हलू नका."

मॅडम आणि मी दोघी फोनवर वाकलो. उंचवटे एकमेकांना लागून बसले होते. एका कडेला मात्र जुळत नव्हतं. माती धुऊन गेली होती तरी तिथं खळगा होता, भाकरीची कड मोडून घेतल्यासारखा.

"तुकडा राहिलाय," मॅडम म्हणाल्या, आणि हातमोजे चढवायला वळल्या.

पुढचं मी फार वर्णन करत नाही, फराळाचा मान ठेवते. गुंगीचं इंजेक्शन दिलं, मी अश्विनीचं डोकं धरलं आणि तिच्या कानाशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. मॅडमनी तो तुकडा काढला. मी पोटावर हात ठेवला. गर्भाशय आवळलं. मी हात सैल केला. आवळलेलंच राहिलं. पुन्हा सैल करून बघितला. धार थांबली होती. मॅडमनी कपाळ बाहीला पुसलं आणि माझ्याकडं बघून नुसती मान डोलवली. मला रडू आलं. एवढ्या नोकरीत खोलीच्या आत मी कधी रडले नव्हते, ते त्या दिवशी रडले.

रक्तासाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचंच होतं. रुग्णवाहिकेत घालायच्या आधी अश्विनीनं जरा डोळे उघडले, पाणी मागितलं. बाळ कुठंय विचारलं. चुलतीनं बाळ तिच्या कुशीत ठेवलं. बाहेर जाऊन मी आप्पांना सांगितलं तर त्यांनी माझ्या पायाला हात लावायला वाकण्याचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "पायाबिया राहू द्या, रक्त चढलं की गोळ्या द्या तिला, आणि चहा जेवणापासून लांब." ते लहान मुलासारखे मान हलवत राहिले.

मग मला एकदम फोन आठवला. टेबलावर औषधांच्या बाटल्यांना टेकून तसाच उभा होता. कॉल चालूच होता.

हौसाबाई तशाच बसल्या होत्या. त्याच जागी, त्याच उन्हात, परात त्याच कलानं दोन्ही हातांनी धरून. कोपर गुडघ्यावर टेकवले होते, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायलासुद्धा त्यांनी हात सोडला नव्हता. हलू नका, असं मी म्हटलं होतं. आता हला, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"मावशी!" मी ओरडले.

त्यांनी वर बघितलं. "सिष्टर, हाय का माझी लेक?"

मी फोन घेतला आणि अश्विनीच्या तोंडासमोर धरला. तिनं डोळे बारीक करून पडद्याकडं बघितलं. आईला ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग कसाबसा आवाज काढून ती म्हणाली,

"आये, उन्हात काय बसलीस गं? सावलीला जा की."

तेव्हा कुठं त्या बाईनं परात खाली ठेवली.